रिकामी यादी

गेल्या उन्हाळ्यात माण तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. दुपारी खाला जवळ येऊन बसली. मोबाइलवर सातबारा दिसतो म्हणे, माझं नाव आहे का बघ, म्हणाली. नाना वारल्यावर भावांबरोबर तिचंही नाव लागलं होतं. पण तो कागद तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

साइट उघडली. पहिलाच प्रश्न, विभाग निवडा. कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. मी 'पुणे' दाबलं तशी खाला बिचकली.

"पूना कायकू? अपना तो सातारा है ना!"

तिचं काय चुकलं? माणसाला आपलं गाव, तालुका, जिल्हा माहीत असतो. महसुली विभाग हा सरकारी कामकाजाचा नकाशा. पुणे विभागात सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूरही येतात, हे ज्याला ठाऊक नाही तो पुढे जिल्हाही पुणेच निवडेल. आणि तिथे मुळशी तालुक्यात, हिंजवडीशेजारी, 'माण' नावाचं गाव आहेच. ओळखीचं नाव दिसलं म्हणून तो भलत्याच माणमध्ये आपली जमीन शोधत बसेल.

आम्ही सातारा, माण, गाव असे पुढे गेलो. खालाचं नाव टाकलं. यादी रिकामी.

खाला थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "भाईयां नाम निकाल दिये क्या रे?"

घरात शेतसाऱ्याची जुनी पावती होती. तिच्यावरचा गट नंबर टाकला आणि सातबारा उघडला. भावांच्या नावाखाली खालाचं नाव होतं. मी 'ख' टाइप केला होता, दप्तरात 'क' होता. चूक माझीच. पण त्या दोन मिनिटांत एका बहिणीच्या मनात सख्ख्या भावांविषयी संशय येऊन गेला, तो एका रिकाम्या यादीमुळे.

तेव्हापासून वाटतं, साइटची मांडणी हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. आधी काय विचारायचं, कोणतं बटण वर ठेवायचं, कशाला काय नाव द्यायचं, यावरून समोरच्याचं मत तयार होतं. वर दिसतं ते महत्त्वाचं, चार पायऱ्या खाली असतं ते बिनमहत्त्वाचं, आणि सापडत नाही ते नाहीच, असं आपण धरून चालतो. शिकलेला माणूस साइटला नावं ठेवतो. खालासारखी बाई म्हणते, मीच अडाणी.

आपल्या नावांची अडचण तर वेगळीच. फातिमा, फातीमा, फातेमा, तिन्ही बरोबर. अरबी-फारसी नावं देवनागरीत लिहिताना लिहिणाऱ्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं उतरतं. त्यामुळे नावाने शोधायची वाट आपल्यासाठी जरा अरुंदच आहे.

शब्दांचंही तसंच. 'विना स्वाक्षरीत' सातबारा फुकट दिसतो, पण तो फक्त माहितीसाठी. सरकारी किंवा बँकेच्या कामाला डिजिटल सहीचा लागतो, तो 15 रुपये भरून वेगळीकडून घ्यावा लागतो. 'विना स्वाक्षरीत' या दोन शब्दांतून हे सगळं किती जणांना उमगतं?

या सोयीचं मोल मी कमी करत नाही. सातबारा पाहायला पूर्वी तलाठ्याला गाठावं लागे, दहिवडीची एसटी धरावी लागे. ते हेलपाटे वाचले. म्हणूनच वाटतं, दार उघडलंच आहे तर उंबरा थोडा खाली घ्यावा.

हे अशक्य नाही. ब्रिटनने 2012 साली सरकारी माहितीची एकच साइट सुरू केली, ती खात्यांच्या रचनेवर नाही तर लोकांच्या गरजांवर बेतली. पण इतक्या लांब तरी कशाला जायचं? आमच्या म्हसवडमध्ये 1997 साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. बायका निरक्षर म्हणून आधी परवाना नाकारला गेला होता. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. पुढे काम सोडून बँकेत येणं बायकांना परवडत नाही हे दिसलं, तेव्हा बँकच त्यांच्या दारात गेली. माणसं ओळखून दार कुठे ठेवायचं ते ठरवलं.

साइटलाही तेच करता येईल. आधी गाव विचारा, विभाग यंत्राला शोधू द्या. आणि यादी रिकामी आली तर खाली एवढंच लिहा: 'या अक्षरांत नाव सापडलं नाही. याचा अर्थ नोंद नाही असा नव्हे. वेगळ्या अक्षरांत किंवा गट नंबर टाकून पाहा.'

खालाला गट नंबर वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिला. संध्याकाळी तिने थोरल्या मामूंना फोन लावला. सातबाराचा विषय काढला नाही. फक्त तब्येत विचारली.