बंदुकीला गोधडी

थंडी पडली की घरात कुणाकुणाला ऊब द्यायची, याचा आपल्याकडे एक क्रम ठरलेला आहे. आधी तान्हं मूल, मग म्हातारी माणसं, मग गाभण गाय, आणि पांघरूण उरलंच तर विरजणाचं भांडं. या यादीत बंदुकीचं नाव मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. रिद्धपूरच्या आमच्या एका बागायतदार स्नेह्यांनी ते घातलं, आणि तेही सर्वांत वर!

बंदूक म्हणजे छर्‍यांची. पण जत्रेत फुगे फोडायची साधी स्प्रिंगची नव्हे, गॅसवर चालणारी. बोटाएवढ्या नळीत १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात कोंबलेला असतो, त्याच्या वाफेच्या जोरावर छर्रा सुटतो. हा जोर थंडीला फार भितो. २० अंशांना वातावरणाच्या ५६ पट असलेला दाब १० अंशांना ४४ पटीवर येतो. शिवाय प्रत्येक बाराला आतला द्रव उकळून नळी आणखी गारठते. हिवाळ्यात सिलिंडर कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवणार्‍या गृहिणींना हा आजार ओळखीचा वाटेल. ऑलिंपिकच्या नेमबाजांनीसुद्धा हा गॅस सोडून दाबलेली हवा जवळ केली, कारण ती थंडीत इतकी हातपाय गाळत नाही.

आमचे स्नेही मात्र हटले नाहीत. त्यांनी बंदुकीला गोधडी शिवली, आणि गॅसच्या नळ्या रखवालदाराने बंडीच्या आतल्या खिशात, छातीशी धरून ठेवाव्यात असा हुकूम काढला. शेकोटीजवळ नेल्या तर फुटतील, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे गॅसला ऊब माणसाची, आणि माणसाला? पोत्याची!

रखवालदार मला म्हणाला, "भाऊ, तिले गोधडी देल्ली, मले पोतं. येते का थे डुकराच्या मांगं पळत?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि स्नेह्यांजवळही नाही. म्हणूनच हा लेख.

शेतकर्‍याचं नुकसान खोटं आहे असं मी म्हणत नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभरा नांगरून ठेवतो, आणि भरपाईचा अर्ज नि पंचनामा हा तर वेगळाच अध्याय. पण हा छर्रा रानडुकराला करणार काय? फार तर चिडवील. आणि चिडलेल्या डुकरासमोर अंधारात उभे कोण? मालक नव्हेत! मग उरले पोपट. ते छर्‍याने पडतात, हे खरं. पण पोपट मारणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. थोडक्यात, ज्याला मारायचं त्याला लागत नाही, आणि ज्याला लागतं त्याला मारायचं नाही. अशा वस्तूला गोधडी!

आणि गाव कोणतं? रिद्धपूर! लीळाचरित्र जिथे लिहिलं गेलं ते. त्यातली सशाची गोष्ट तरी आठवावी. शिकार्‍यांपुढून पळालेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली शिरला. त्यांनी त्याला शिकार्‍यांच्या हाती दिलं नाही. त्या गावात छर्रे नेमके लागावेत म्हणून गोधड्या शिवायच्या, हे काही बरं दिसत नाही. तिकडे अरुणाचल प्रदेशात शिकारीची परंपरा फार जुनी. तिथेही २०२१ पासून लोकांनी मोहिमेत आपल्या एअरगन सरकारजमा केल्या. आपण मात्र त्या पांघरुणात घेऊन बसलोय!

"मग शेत राखायचं कशानं?" असं स्नेही विचारतात. उपाय त्यांच्याच आज्याला माहीत होता. गोफण घ्या, पत्र्याचा डबा घ्या, एक भुंकणारं कुत्रं पाळा. आणि या तिघांना चालवणारा जो माणूस आहे, त्याला मचाणावर एक जाड घोंगडी, थर्मासभर चहा आणि चार पैसे जास्त द्या. १० अंशांना काय किंवा ५ अंशांना काय, पोटात चहा नि अंगावर घोंगडी असलेल्या माणसाचा दाब कमी होत नाही. आवाज तर वाढतोच.

ती गोधडी तेवढी आजच उसवून त्याच्याकडे पाठवा. मापाला थोडी अरुंद पडेल; पण पोत्यापेक्षा बरी.