एम.टेक. सोडून रिसर्च? वेड लागलंय का?

दोन सेमिस्टर एम.टेक. (स्ट्रक्चर्स) केल्यावर मी रिसर्च मास्टर्सला बदली घेतली, तेव्हा हॉस्टेलवर निकाल लगेच लागला. कुणी म्हणालं, "प्लेसमेंटला घाबरला." कुणी म्हणालं, "गाईडनं गुंडाळला." घरून बाबांनी एवढंच विचारलं, "म्हणजे अजून किती वर्षं?" बाबांचा प्रश्न सगळ्यात रास्त, म्हणून हा लेखप्रपंच!

मित्रांनो, नेहमीचं एम.टेक. म्हणजे साधारण वर्षभर विषय, वर्षभर प्रोजेक्ट आणि दोन वर्षांत डिग्री. आयआयटी मद्रासचं एम.एस. (बाय रिसर्च) किंवा बंगलोरच्या आयआयएस्सीचं एम.टेक. (रिसर्च) यांत विषय मोजके, सगळी मदार थिसिसवर. परीक्षकांना ती पटेपर्यंत सुटका नाही. यात उच्च-नीच काही नाही. कंपनीत डिझाइन करायचं असेल तर पहिला रस्ताच उत्तम.

मग मी का वळलो? काँक्रीटमुळे! आपण १५० मि.मी.चा क्यूब २८ दिवसांनी फोडतो. सिमेंटच्या जागी थोडी फ्लाय अ‍ॅश घातली, की तोच क्यूब २८ दिवसांना बऱ्याचदा कमी भरतो. पण ९० दिवसांपर्यंत फरक भरून काढतो, कधी पुढेही जातो. सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी राखेची प्रक्रिया सावकाश चालते ना! आता साइटवर सर्रास होतं तसं पाणी मारणं लवकर थांबवलं, तर ही उशिराची ताकद किती मिळणार? एकलहऱ्याची राख आणि कोराडीची राख सारखीच वागेल का? हे बघायला वर्ष-वर्ष क्यूब सांभाळावे लागतात. एक बॅच बिघडली, की पुन्हा ओता! सेमिस्टर संपतं, काँक्रीटचं काम संपत नाही. माझा प्रश्न प्रोजेक्टच्या वेळापत्रकात मावत नव्हता, एवढंच.

आता कुणी सी. व्ही. रामन यांचं उदाहरण देईल. १९१७ साली त्यांनी सरकारी हिशेबखात्यातली भक्कम नोकरी सोडून कमी पगाराची प्राध्यापकी पत्करली. पण राव, त्याआधी दहा वर्षं ते नोकरी सांभाळून संशोधन करत होते! मध्ये रंगून, नागपूरला बदल्या झाल्या, तरी नाद सुटला नाही. म्हणजे उडी नंतरची, चव आधीची.

म्हणून बदली घेण्याआधी चार गोष्टी विचाराच. गाईडच्या मागच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात किती वेळ लागला? मशीन चालू आहे की 'रिपेअरला' आहे? स्टायपेंड किती महिने मिळणार? मध्येच सोडलं तर आधीचे क्रेडिट्स धरतात का? उत्तरं सरांकडून घ्या, आणि त्यांच्या सीनियर्सकडून पडताळा. बाबांना मीही हीच उत्तरं दिली.

सरांनाही एक विनंती. क्यूब उचलायला माणूस हवा म्हणून कुणाला रिसर्चचं आमिष दाखवू नका. आणि ज्याला खरंच प्रश्न पडलाय, त्याला "आधी पॅकेज बघ" म्हणून परत पाठवू नका.

नोकरी मिळेना म्हणून इकडे येणाऱ्याला लॅब लवकरच खायला उठते. तेव्हा आधी एक सुट्टी लॅबमध्ये काढा. कंटाळलात, तर एम.टेक. झकास पूर्ण करा. नाही कंटाळलात, तर बदलीचा फॉर्म ऑफिसात मिळतो!