सापाआधी उंदीर बघा!

समजा, तुमचा बोरीचा एखादा मित्र परभणीत रूम करून राहतोय. एक दिवस त्याच्या स्टेटसवर काचेची पेटी दिसते आणि आत वेटोळं घालून बसलेला बॉल पायथन. लाइक्सचा नुसता पाऊस! महिन्याभरानं तोच साप दिवस दिवस पाण्याच्या भांड्यात बसून राहतो, खाणं सोडतो. मित्र म्हणतो, "परभणीचा उकाडा बघ ना, बिचारा गार होतोय." उकाड्यावर सगळं ढकलायची आपल्याला सवयच आहे. पण जरा वाकून त्या भांड्याच्या तळाशी बघा. मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले, तर ते बुडून मेलेले माइट्स असू शकतात. त्यांच्यापासून सुटका व्हावी म्हणूनही साप पाण्यात बसतो.

माइट म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या पोराला फार समजावायला नको. पिकावर पडणारा लाल कोळी हा माइटच. गोचीडही त्याचंच भावकीतलं. सापाचं रक्त पिणारा माइट जेमतेम 1 मिलिमीटरचा. तो खवल्यांखाली, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीच्या घडीत लपतो. अंडी मात्र सापाच्या अंगावर नाही, पेटीच्या फटीत घालतो. म्हणून नुसता साप धुऊन भागत नाही. दुर्लक्ष झालं तर सापाचं रक्त कमी होतं, कात तुकड्या-तुकड्यांनी निघते, इन्फेक्शन होतं. साप ना ओरडतो, ना लंगडतो. त्यामुळे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

मग दोष कुणाचा? उत्तर तयारच असतं, "उंदरावरून आले." हे अर्धंच खरं आहे. उंदराच्या केसांत राहणारे माइट सापावर तग धरत नाहीत, कारण सापाला केसच नाहीत. उंदराचं रक्त पिणारा दुसरा एक माइट असतो. त्याचा उंदीर मेला की तो दुसरं रक्त शोधत निघतो आणि तुम्हाला, तुमच्या रूममेटला चावतो. अंगावर लाल पुरळ, रात्रभर खाज! आणि सापाचा खरा शत्रू, म्हणजे सापाचाच माइट, बहुतेक वेळा दुसऱ्या सापाकडून येतो. जिथे साप आणि उंदीर शेजारी-शेजारी ठेवून विकले जातात, तिथून तो उंदराच्या डब्यातून, भुशातून तुमच्या रूमवर पोचतो. तेव्हा उंदीर कसा आहे याबरोबरच तो कुठून आलाय, हे विचारायला हवं.

माझा आक्षेप इथेच आहे. सापाचा रंग, जात, किंमत यावर आपण रात्र-रात्र व्हिडिओ बघतो. आणि त्याचं खाणं? ते 'कुठून तरी' आणतो! कुणी दुकानातून स्वस्तात, कुणी थेट शेतातून. शेतातला उंदीर तर आणूच नका. आपल्याकडे उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडसारखी विषं सर्रास टाकतात. सुस्तावलेला, सहज हाती लागलेला उंदीर विष खाल्लेला असू शकतो. शिवाय 2018 मध्ये नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती, लोक दगावले होते. तो आजार पसरवणारी माइटची पिल्लं झाडाझुडपांत असतात आणि रानातल्या उंदरांवर पोसतात. उघड्या हातानं झुडपात उंदीर धरणं हा काही गमतीचा खेळ नाही.

मग करायचं काय? खाणं फ्रीझरमध्ये चांगलं गोठवलेलं घ्या, म्हणजे त्यावरचे माइट मेलेले असतात. कोमट पाण्यात पूर्ण वितळवून चिमट्यानं द्या. जिवंत उंदीर पेटीत सोडला, तर तो सापालाच चावून जखमी करू शकतो. रीलसाठी तर तो प्रकार अजिबात नको. नवा साप आला तर निदान महिनाभर वेगळा ठेवा. पेटीत पांढरा कागद अंथरा, काळे ठिपके लगेच दिसतात. दुकानातून आलेला भुसा, खोका बाहेरच टाका.

आणि एक कळकळीची विनंती. घरी गोठ्यात गोचिडाचं औषध आहे म्हणून ते सापावर फवारू नका. जनावरांना दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाच्या जिवावर बेततं. म्हशीचा डोस आणि दीड किलोच्या सापाचा डोस यात अंदाजपंचे चालत नाही. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जाऊन विचारा. विचारण्यात कसली लाज?

आता काही जण म्हणतील, "आम्ही कुठे पायथन घेतोय, आम्ही तर सर्पमित्र!" चांगलंच आहे. पण धरलेला साप चार दिवस बरणीत ठेवून, त्याला उंदीर टाकून व्हिडिओ काढणं ही मैत्री नव्हे. त्याच बरणीत, त्याच पिशवीत उद्या दुसरा साप जातो आणि पहिल्याचे माइट त्याला लागतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, आपल्याकडचे साप आणि तारा कासव घरी पाळता येत नाहीत. बॉल पायथनसारखे परदेशी प्राणीही परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात.

हे सगळं जमणार असेल, तरच पाळा. परीक्षेच्या महिन्यात, सुट्टीत गावी गेल्यावर पेटीकडे कोण बघणार, हेही आधीच ठरवा. नसेल जमत, तर न पाळणं हेसुद्धा प्राण्यावरचं प्रेमच आहे. आणि मित्राच्या स्टेटसवर पायथन दिसला, तर लाइक जरूर करा. फक्त खाली एवढं विचारा, "याचा उंदीर कुठून आणतोस रे?"