वळीवर वळी : चाकाविना घडणारे भांडे

चाक फिरल्याखेरीज मातीचे भांडे होत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक चाकापेक्षा हात जुना. हेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त ऋषभदेवांनी लोकांना दिलेले पहिले शिल्प कुंभकाराचे सांगितले आहे आणि त्या प्रसंगात चाक नाही. ओल्या मातीचा गोळा हत्तीच्या गंडस्थळावर ठेवून तो हाताने पसरला गेला, तेच पहिले पात्र. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, चाकावर घडवून काळ्या रेघांनी रंगवलेली सुबक तांबडी भांडी मिळाली, तशीच हाताने घडवलेली जाड भांडीही मिळाली. त्यांतील चार पायांचा एक मोठा रांजण तर केवळ चाकावर घडणे शक्यच नव्हते.

हाताने घडवण्याची सर्वांत सोपी रीत वळीची. शेवया आणि गव्हले वळणाऱ्या घरात ती फारशी शिकवावी लागत नाही. भोर आणि वेल्हे हा भरपूर पावसाचा, भाताचा भाग. येथे आषाढ-श्रावणात हवा इतकी दमट असते की भांडे लवकर वाळत नाही. म्हणून हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत आरंभावे. माती स्वतः उकरण्यापेक्षा कुंभाराकडून चाळून तयार केलेली घ्यावी, त्याचा योग्य मोबदला द्यावा. तीत भाताचे बारीक तूस किंवा थोडी वाळू मिसळलेली असल्यास वाळताना तडे कमी जातात.

प्रथम माती कणकेसारखी मळून घ्यावी. आत हवेचे पोकळ राहता कामा नये. तळासाठी सुमारे एक सेंटिमीटर जाडीची चकती थापावी. मग मातीचा लहान गोळा पाटावर ठेवून, तळहात मध्यापासून कडेकडे नेत, करंगळीएवढ्या जाडीची वळी करावी. बोटांनी दाबून वळी केल्यास ती कोठे जाड, कोठे बारीक होते. वळीला भेगा पडू लागल्या तर माती कोरडी आहे असे समजून पाण्याचा हात लावावा.

चकतीची कड काट्याने खरवडावी, तीवर मातीचा पातळ गारा लावावा आणि पहिली वळी बसवावी. टोके तिरपी कापून जोडावीत. आतल्या बाजूने अंगठ्याने वरच्या वळीची माती खालच्या वळीवर ओढून सांधा पूर्ण मिटवावा. बाहेरच्या वळ्या तशाच दिसू दिल्या तरी चालतात. शोभा त्यांचीच असते. भांडे रुंदवायचे असल्यास पुढची वळी किंचित बाहेर ठेवावी, निमुळते करायचे असल्यास किंचित आत. चार-पाच वळ्या झाल्या की थांबावे. खालची माती थोडी घट्ट झाल्यावाचून वरचा भार तिला पेलत नाही आणि भांडे बसते.

नक्षीसाठी एखाद्या वाडग्याला आतून ओले फडके लावावे. त्यावर चकलीसारखे वेढे, नागमोडी वळ्या आणि लहान गोळ्या एकमेकींना खेटून मांडाव्यात. मग आतून सर्व माती बोटाने सारवून एकजीव करावी. थोडे घट्ट झाल्यावर वाडगा उलटा करून भांडे काढले की बाहेर नक्षी उमटलेली दिसते.

वाळवताना उन्हाची घाई करू नये. फडक्याने झाकून, सावलीत, आठ-पंधरा दिवस वाळू द्यावे. गालाला लावल्यावर गारवा जाणवला तर आत ओल शिल्लक आहे. ओले भांडे आव्यात गेल्यास त्या पाण्याची वाफ होऊन ते फुटते. न भाजलेले भांडे बिघडले तर भिजवून त्याची पुन्हा माती करता येते. एकदा भाजले की मात्र ती माती परत मिळत नाही.

बहुतेकांच्या पहिल्या भांड्याला तळ आणि भिंत यांच्या सांध्यातच तडा जातो. घरातील मूल हिरमुसून म्हणते, ‘माझ्या हातून व्हायचेच नव्हते.’ येथे ‘उपासकदशांग’ सूत्रातील सद्दालपुत्ताची कथा सांगण्याजोगी आहे. तो पोलासपूरचा धनाढ्य कुंभार, पाचशे दुकानांचा मालक. सर्व काही नियतीने ठरलेले असते, प्रयत्नाने काही होत नाही, असे मानणाऱ्या आजीविक मताचा तो अनुयायी होता. भगवान महावीरांनी त्याला विचारले की, ही भांडी प्रयत्नाने झाली की प्रयत्नाविना? प्रयत्नाविना, असे तो म्हणाला. मग कोणी ती चोरली वा फोडली तर तू काय करशील? आपण त्याला शिक्षा करू, असे उत्तर त्याने दिले. सारेच ठरलेले असेल तर फोडणाऱ्याचा दोष कोणता, हा पुढचा प्रश्न ऐकून त्याचे मत पालटले.

व्यापारी घरात हा प्रश्न अनोळखी नाही. वर्षअखेरीस तूट आली की नशिबाकडे बोट दाखवणे सोपे असते. वही उघडून चूक कोठे झाली ते पाहणे अवघड. मुलाच्या हातात तडकलेले भांडे द्यावे आणि सांधा दाखवावा. कड खरवडली होती का? गारा लावला होता का? तळ आधीच वाळून गेला होता का? कारण त्याचे त्यालाच सापडू द्यावे. मग तीच माती भिजवून, पुन्हा मळून, दुसऱ्या भांड्याचा तळ थापायला बसवावे.