'बंधूं'ची आई

मुलाला मोटार, मुलीला भातुकली! खेळण्यांच्या दुकानात शिरलं की आपला हिशेब ठरलेला. मला मात्र अशा वेळी कॅरोलिन मेर्कलिन आठवते.

जुन्या जर्मन पत्र्याच्या गाड्यांचे शौकीन 'मेर्कलिन' म्हटलं की हरखून जातात. सुटे भाग जोडून करायच्या, किल्ली दिली की पळणाऱ्या तिच्या १९३०च्या दशकातल्या मोटारी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण या कंपनीची सुरुवात कशाने झाली, माहितेय? चक्क भातुकलीने! १८५९ मध्ये ग्योपिंगन गावात थिओडोर मेर्कलिन बाहुलीच्या स्वयंपाकघरासाठी पत्र्याची भांडी करू लागला. ती विकायला पार स्वित्झर्लंडपर्यंत फिरायची त्याची बायको, कॅरोलिन.

१८६६ मध्ये तो गेला. मुलं लहान. कॅरोलिनने घर सांभाळलं अन् कारखानाही. १८८८ मध्ये मुलांनी नवी कंपनी काढली, नाव दिलं 'मेर्कलिन बंधू'. आगगाड्या, मोटारी नंतरच्या. बंधूंचं कर्तृत्व मोठंच हो, पण आईने धंदा तगवला नसता तर?

म्हणून म्हणते, दुकानदाराने 'मुलासाठी की मुलीसाठी?' असं विचारलं, तर सरळ सांगा, 'दोन्ही दाखवा. काय हवं ते पोर ठरवेल.'