बरणीतल्या नोटेचा धनी कोण?

कॉफी शॉपमध्ये टीप द्यायची का, आणि द्यायची तर किती, हे विचारणारी पत्रं या सदराकडे वरचेवर येतात. विचारणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. तरुण मंडळींना हा प्रश्नच पडत नाही, ती स्कॅन करतात आणि मोकळी होतात. पण गोंधळ खरा आहे. आपल्या उडप्याच्या किंवा इराण्याच्या हॉटेलात टीपेचे नियम कुणी लिहिले नव्हते, तरी सगळ्यांना पाठ होते. वेटर आधी पाण्याचे ग्लास आपटणार, दोन कॉफींच्या ऑर्डरवर तीन कप आणून देणार, चटणी संपली की न सांगता आणखी आणणार. बिल यायचं ते बडीशेपेच्या ताटलीतून. उरलेल्या सुट्ट्यांतले काही त्याच ताटलीत ठेवून उठायचं. गल्ल्यावरच्या मालकाला मात्र कुणी टीप देत नसे. अमृततुल्यातही टीप नाही, कारण चहा गाळणारा बहुतेक वेळा स्वतः मालक, नाहीतर त्याचा भाऊ.

कॉफी शॉपने हे सगळं उलटंपालटं केलं. उभं राहून फळा आपण वाचायचा, पैसे आधी मोजायचे, नावाचा पुकारा झाला की ट्रे आपणच उचलायचा. आणि गल्ल्याशेजारी एक काचेची बरणी, ‘टिप्स’ असं लिहिलेली. म्हणजे ज्या कामासाठी वेटरला टीप द्यायचो ते काम आता आपण करतो, आणि बरणी आपल्याकडेच बघते. त्यात कॉफी अजून ओठाला लागलेलीही नाही. ‘आगाऊ टीप’ या सोयीवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2025मध्ये उबरला नोटीस धाडली होती. सेवा मिळण्याआधी बक्षीस कसलं, हा तिथला आक्षेप होता. बरणी कुणावर सक्ती करत नाही हे मान्य, पण कॉफीच्या काउंटरवरही क्रम तोच आहे.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे. कप घेऊन बाहेर पडणार असाल, किंवा ट्रे स्वतः उचलून आणला असेल, तर टीप देणं बंधनकारक नाही. बरणीकडे न बघता निघालात तर तुम्ही कंजूष ठरत नाही. मालक स्वतः मशीनमागे उभा असेल तर जुनाच नियम लावा, कॉफी चांगली झाली असं त्याला सांगा, तेवढं पुरे. मात्र एका कॅपुचिनोवर लॅपटॉप उघडून चार तास बसणारे, चार्जर लावणारे, ऑफिसच्या मीटिंगा तिथूनच घेणारे जे आहेत (पुण्यात त्यांची संख्या कमी नाही), त्यांनी उठताना पन्नासाची नोट ठेवावी. तुम्ही बसून असताना कुणीतरी दोनदा टेबल पुसलेलं असतं आणि ‘अजून काही हवंय का’ हे कपाळाला आठी न घालता विचारलेलं असतं. टक्केवारी कॉफीला लावूच नका. दीडशेची कोरी कॉफी आणि तीनशेची क्रीमवाली, दोन्ही करताना माणसाचे कष्ट जवळपास सारखेच. वीस ते पन्नास रुपये, रोख, संपला विषय.

किती द्यायची हा भाग इतका सोपा आहे. अवघड प्रश्न पत्रांत नसतोच. दिलेली टीप कुणाला मिळते?

काउंटरवरच्या क्यूआर कोडचं बघा. बिल दोनशे दहा झालं, तुम्ही मोठ्या मनाने अडीचशे टाकलेत. शेजारचा डबा मोठ्या आवाजात अडीचशे मिळाल्याचं जाहीर करतो, काउंटरवरची मुलगी हसून ‘थँक्यू सर’ म्हणते. पैसे गेले दुकानाच्या खात्यात. त्यातले चाळीस तिचे होते हे ठरवणार मालक, तेही त्याने हिशेब वेगळा ठेवला तर. यूपीआय आल्यापासून सुट्ट्यांचा घोळ मिटला, पण सुट्ट्यांबरोबर टीपही गेली. ताटलीत चिल्लर उरतच नाही तर ठेवणार काय? काही ठिकाणी वेटर हळूच स्वतःच्या मोबाइलवरचा कोड पुढे करतो. तो चोरून दाखवावा लागतो, यातच सगळं आलं.

आता सर्व्हिस चार्ज. सहाशेच्या बिलावर दहा टक्के म्हणजे साठ रुपये, आणि मग सहाशे साठवर 5 टक्के जीएसटी. नोकराच्या नावाने घेतलेल्या साठ रुपयांवर सरकारचेही तीन. जुलै 2022मध्ये ग्राहक प्राधिकरणाने सांगितलं की हा आकार बिलात आपोआप लावता येणार नाही, दुसऱ्या नावाने घेता येणार नाही आणि तो देत नाही म्हणून गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवता येणार नाही. हॉटेलवाल्यांच्या दोन संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी प्राधिकरणाची बाजू उचलून धरली आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा दंड केला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. तिथे वेगळा निकाल लागत नाही तोवर बिलात असा आकार दिसला तर काढायला सांगा, नाही काढला तर 1915 वर फोन करा.

पण या सगळ्या वादात एक गोष्ट मला खटकते. हा आकार कर्मचाऱ्यांत वाटला जातो, असं हॉटेलवाले कोर्टात सांगत होते. ग्राहकाच्या बाजूने भांडणारे म्हणत होते, आमच्या खिशातून का? दोघांच्या मध्ये तो कर्मचारी उभा होता, आणि वाटप झालं की नाही हे तपासणारा नियम आपल्याकडे आजही नाही. ब्रिटनने याच्यासाठी 2023 साली कायदाच केला, 1 ऑक्टोबर 2024 पासून तो लागू आहे. टीप कार्डावर दिलेली असो की सर्व्हिस चार्ज म्हणून घेतलेली, मालकाने एक पैसाही न कापता ती कामगारांना द्यायची, वाटप न्याय्य हवं आणि त्याची नोंद ठेवायची. आपल्याकडे असा कायदा झाला तर निम्मी भांडणं मिटतील असं मला वाटतं.

अमेरिकेत तर बरणीवरूनच खटले झाले. शिफ्टची देखरेख करणाऱ्यांनी टीपेत वाटा घ्यावा का, यावर स्टारबक्सविरुद्ध मॅसॅच्युसेट्समधला 1 कोटी 40 लाख डॉलरचा निकाल 2012 साली अपिलातही कायम राहिला. न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने 2013 साली अगदी उलट मत दिलं. मुलाकडे न्यू जर्सीला जाऊन आलेले आईवडील तिथला एक वेगळाच अनुभव सांगतात. काउंटरवरची मुलगी पडदा फिरवून समोर धरते, त्यावर 18, 20, 25 टक्के, मागे रांग, आणि ‘टीप नाही’ हे बटण कोपऱ्यात बारीक अक्षरांत. घाबरून वीस दाबलं जातं. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: तिथे टेबलावर वाढणाऱ्या वेटरला मालकाने द्यायचं किमान वेतन केंद्रीय कायद्याने तासाला 2.13 डॉलर आहे, 1991 पासून तेच, आणि त्याची बाकी भर टीपेतून पडते. म्हणून रेस्टॉरंटमध्ये टीप टाळू नये. कॉफीच्या काउंटरवरच्या माणसाला सहसा पूर्ण किमान वेतन मिळतं. तिथे एखादा डॉलर ठेवला तरी चालतो, आणि नाही ठेवला तर मुलाने मान खाली घालायची गरज नाही.

परत आपल्या दुकानात येऊ. बरणीतले पैसे रात्री शटर ओढताना मोजले जातात आणि त्या पाळीला जे असतील त्यांच्यात वाटले जातात, असं सगळे सांगतात. पण तुमचा ट्रे उचलून नेणारा, टेबलावरची कपाची ओली वर्तुळं फडक्याने पुसणारा आणि मधल्या वेळात संडास धुणारा जो मुलगा असतो, तो पुष्कळदा कंत्राटदाराचा माणूस असतो. दुकानाच्या यादीत तो नाही, म्हणजे वाटणीतही असेलच असं नाही. माझी नोट मी हल्ली त्याच्या हातात देतो. आणि बरणीत टाकायची झाली तर आधी विचारतो, ‘दादा, हे तुम्हालाच मिळतं ना?’ फक्त मॅनेजर शेजारी उभा असताना विचारू नका. तेव्हा उत्तर ‘हो’च येतं.