शिरूर म्हणजे नक्की कोणतं शिरूर?

माझं गाव न्हावरे. कुणी न्हावरा म्हणतं, तेही चालतं. तालुका शिरूर, त्यालाही घोडनदी हे दुसरं नाव आहेच. म्हणजे एलियस आम्हाला सिलॅबसच्या आधीपासून माहीत! (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

होस्टेलवर मी नुसतं ‘शिरूर’ म्हटलं की बीडच्या मैत्रिणीला शिरूर कासार आठवतं, लातूरवालीला शिरूर अनंतपाळ. तिन्ही तालुकेच. जिचा जो जिल्हा, तो तिचा डिफॉल्ट डेटाबेस. पण मैत्रीण निदान ‘कुठलं गं?’ असं विचारते. सर्व्हर विचारत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगिनचा डिफॉल्ट ठरवलाच नसेल तर आपण थेट ‘मास्टर’मध्ये उतरतो, आणि हक्क असतील तर प्रॅक्टिकलची टेबलंही तिथेच तयार होतात. म्हणून आधी ‘यूज’ लिहावं, नाहीतर डेटाबेससकट पूर्ण नाव.

एलियस म्हणजे टायपिंग वाचवायची युक्ती, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या न्हावऱ्यात साखर कारखाना आहे, म्हणून उदाहरण उसाचंच घेते. समजा, कुठल्यातरी कारखान्यात ‘बाकी’ नावाचं टेबल आहे. ज्यांचं ऊसबिल द्यायचं राहिलंय ते सगळे त्यात, कॉलम ‘सभासद_क्र’. दुसरं टेबल ‘वाटप’, पण त्यात त्याच नंबराच्या कॉलमला ‘खाते_क्र’ म्हटलंय. आता कुणी लिहिलं:

डिलीट फ्रॉम बाकी व्हेअर सभासद_क्र इन (सिलेक्ट सभासद_क्र फ्रॉम वाटप)

एरर येईल असं वाटतं ना? येत नाही! आतल्या क्वेरीला ‘वाटप’मध्ये तो कॉलम सापडत नाही, मग ती बाहेरच्या ‘बाकी’मधला उचलते. प्रत्येक नंबर स्वतःशीच जुळतो. ‘वाटप’मध्ये एक जरी ओळ असली तरी ‘बाकी’ अख्खं रिकामं. वर्षभर ऊस सांभाळलेल्या शेतकऱ्याचं येणं कागदावरून गेलं, आणि स्क्रीनवर सगळं ठीक! तिथे ‘वाटप’ला ‘वा’ एलियस देऊन ‘वा.सभासद_क्र’ लिहिलं असतं तर सर्व्हरने जागेवर एरर दिला असता.

आणि एलियस द्यायचा तर ‘बा’, ‘वा’ असा ओळखू येणारा द्या. टी१, टी२, टी३ लिहिलेली क्वेरी चार दिवसांनी लिहिणाऱ्यालाच कळत नाही.

लॅबच्या सरांना एक विनंती. जर्नल तपासताना आपण आउटपुट बघून टिक करता. वरच्या क्वेरीचं आउटपुटही बरोबरच दिसतं, ‘वाटप’मध्ये सगळ्यांची नावं असली की. तेव्हा दोन मार्क तरी क्वेरी वाचून द्या ना!